दोन हजार घोडा

दिवाळी सरली की आमच्या भागातली हवा गोड होते, असं पाहुणे म्हणतात. त्यांनी कुठलं तरी गुऱ्हाळ पाहिलेलं असतं. बारामतीत किंवा इंदापुरात चार हिवाळे सलग काढलेलं माणूस असं काही म्हणणार नाही. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की आधी येते काजळी. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काळे, लांबट कण येऊन बसतात. बोटानं झटकायला जावं तर रेघ उमटते आणि ती रेघ त्या कपड्याच्या जन्माला पुरते. त्यामागून येतो मळीचा वास. कुठल्या कारखान्याचा ते सांगता येत नाही, वारा ज्या बाजूचा त्या बाजूचा. आंबलेला, जळका आणि वर थोडासा गोडसर. नुसत्या दुर्गंधीची नाकाला सवय होते. पण दुर्गंधीत गोडवा मिसळला की ती सवय कधीच होत नाही.

यंदाही तो आला. सकाळी चहाचा कप हातात असतानाच आला. मी खिडकी लावून घेतली, तरी फटीतून आत आलाच. माझं वय आता पासष्टीच्या पुढे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, गुडघे बोलतात, नजर कमी झाली. नाक मात्र अजून तेवढंच शाबूत. त्या वासाबरोबर दरवर्षी एकच हंगाम परत येतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यातला. त्या हंगामात मी एक छोटी पुस्तिका लिहिली, आणि तेव्हापासून हा वास मला कारखान्याचा वाटतच नाही.

मी इतिहासाची प्राध्यापक. विषय मध्ययुगीन युद्धपद्धती. पाच फुटांची, सुती साडीतली, आवाज फारसा न चढणारी बाई हे सांगते तेव्हा समोरचा माणूस आधी हसतो. “तुम्ही? लढाया?” या दोन शब्दांवर माझी सगळी कारकीर्द उभी आहे. माझं मूळ गाव निरवांगीकडचं. आमच्या घरात एके काळी मेंढरं होती. माझ्या जन्माच्या आधीच ती गेली आणि वडील एसटीत कंडक्टर झाले. पण जुन्या गोष्टी निघाल्या की ते म्हणायचे, “राजा कुठला बी असू दे, घोडं आलं की आपली मेंढरं गेली. जिकलेल्यानं बी खाल्ली, हरलेल्यानं बी खाल्ली.” शाळेच्या पुस्तकात लढाया होत्या, सनावळ्या होत्या, जखमी घोडे होते. मेंढरं कुठंच नव्हती. ती शोधायला मी इतिहासात शिरले.

पुण्याला दफ्तरखान्यात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून सोडून मी पाच वर्षं काढली. रुमाल सोडला की तलवारींचा खणखणाट ऐकू येत नाही. ऐकू येतं ते एवढंच: वैरण नाही, वैरण पाठवा, वैरण जळाली, बैल मेले, पाणी नासलं. लढाई एका दुपारची असते. लष्कराची भूक बारा महिन्यांची. छावणीतून रोज सकाळी चारा-लाकूड आणायला जी टोळी निघायची तिला ‘कही’ म्हणत. इतिहासातली बहुतेक माणसं मेली ती रणांगणावर नाहीत, कही आपल्या गावात शिरली म्हणून मेली. छावण्यांतल्या हगवणीबद्दल, विहिरीत टाकलेल्या मेल्या जनावरांबद्दल, पावसात कुजलेल्या खोगिरांखालच्या किड्यांबद्दल मी एवढं वाचलं, की कुणी ‘रणसंग्राम’ हा शब्द उच्चारला तरी मला ओकारी यायची. माझ्या मार्गदर्शकांनी प्रबंध परत करताना म्हटलं होतं, “चांगला आहे. पण यात लढाई कुठाय हो?”

हाच प्रश्न मला पुढे जन्मभर विचारला गेला. बारामतीला तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवायला लागले. आसपासच्या गावांतून भाषणांना बोलवायचे, पणदऱ्याला, वडगाव निंबाळकरला. मी वैरणीबद्दल बोलायला लागले की पुढची रांग जांभया द्यायची, मागची रांग शिट्ट्या मारायची. मग एखादे वडीलधारे उठून आपुलकीनं म्हणायचे, “म्याडम, किती कापले त्ये सांगा की.” आणि ‘कापले’ म्हणताना त्यांच्या तोंडाला खरोखर पाणी सुटायचं. मी ते पाहिलंय.

नव्वदच्या दशकातल्या त्या हंगामात आबांचा निरोप आला.

आबा म्हणजे नीरेकाठच्या एका गावचे बडे बागायतदार. गावाचं नाव सांगत नाही. मी शिकवत होते त्या संस्थेच्या कार्यकारिणीवर ते होते. त्यांच्या घराण्यातले एक मूळपुरुष, गावचे पाटील, मोगलांशी लढताना वेशीवर पडले अशी घरात समजूत होती. आबांना वेशीजवळ त्यांचा अश्वारूढ पुतळा बसवायचा होता आणि अनावरणाच्या दिवशी वाटायला पुस्तिका हवी होती. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलवून सांगितलं, “करून टाका. तुमच्याच विषयातलं आहे.”

आबांची जीप मला न्यायला आली. वाटेत उसाच्या टायरगाड्यांची रांग लागली होती. बैलांच्या नाकातून फेस गळत होता, तोडणीवाल्या बायका गाडीवर वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, ढिगाऱ्यावर बसल्या होत्या. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. आबांच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं नुसती बसलेली होती. आबा हसले की ती हसत. आबांनी खाकरा काढला की त्यातला एक उठून पिकदाणी पुढे सरकवी. जेवायला मटण होतं. रस्सा भुरकत, नळी ताटावर आपटत आबांनी मला लढाई सांगायला सुरुवात केली.

“मोगलांची फौज आली नदीपल्याडनं. किती धरू या, म्याडम?”

“काय किती?”

“घोडा वो. मी म्हंतो दोन हजार घोडा तरी पायजे. त्याच्याखाली शोभत न्हाय.”

“कागद काय म्हणतो ते बघावं लागेल, आबा.”

“कागदाचं बगा तुमी. पण वेशीची रुंदी मोठी हाय आमच्या. दोन हजार सहज मावत्यात.”

ओसरीवरची माणसं खो खो हसली. कुणीतरी म्हणालं, “पाच हजार करा, आबा, कोन मोजाया येतंय!” आबांनी हात वर करून त्याला थांबवलं. “न्हाय, न्हाय. खोटं न्हाय लिवायचं. दोन हजार बास झालं.” हे ते अगदी मनापासून म्हणाले. बाजारात भाव पाडून घेतल्यासारखे प्रामाणिक दिसत होते. मी हात धुतले. साबणानं दोनदा धुतले, तरी परतीच्या वाटेवर बोटांना रश्श्याचा वास येत होता आणि बाहेर मळीचा. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले होते.

त्यानंतर आठवड्याभरात एक म्हातारे गृहस्थ कॉलेजात आले. माझे तास संपेपर्यंत ते स्टाफरूमच्या बाहेर व्हरांड्यात उभे होते. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खांद्याला पोस्टमनची जुनी खाकी पिशवी. आबांच्याच गावचे. विहाराच्या बाजूची जी वस्ती, छप्पन सालानंतर बौद्ध झालेली घरं, तिथं राहणारे. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी उभी हयात त्या पट्ट्यात सायकलवर टपाल वाटलं होतं.

“लढाईचं पुस्तक लिवनाऱ्या म्याडम तुमीच ना?” त्यांनी विचारलं. मी बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पिशवीतून त्यांनी बांबूची एक नळी काढली. नळीच्या तोंडाला मेण लावलेलं होतं. “आमच्या घरात ही किती पिढ्या हाय कुनाला म्हाईत न्हाय. माझ्या बानं एकदा गावात एकाकडं नेली व्हती वाचायला. त्यानं हात न्हाय लावला.” मग थोडंसं हसून म्हणाले, “चाळीस वरसं मी लोकांची पत्रं वाचून दाखवली बगा, म्याडम. लग्नाची, मरनाची, कोर्टाची. घरचंच एक पत्र मला वाचता आलं न्हाय.”

मी मेण काढलं. आत एक कागद होता, कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधला मजकूर मात्र धड. शाई तपकिरी झालेली. मी खिडकीजवळ गेले आणि वाचायला लागले. आधी मनात, मग मोठ्यानं.

ते मराठ्यांच्या सरकारातून आलेलं पत्र होतं आणि ते एका बाईला लिहिलेलं होतं. येसी कोम धारनाक वेसकर. म्हणजे गावची वेस राखणाऱ्या धारनाकाची बायको येसी. पत्रात होतं ते असं: येसीनं स्वतः दरबारी जाऊन सांगितलं, की जोंधळा कापून पडला असताना मोगलांची कही गावावर आली, सव्वाशे घोडा. पाटील आपली गुरंढोरं आणि कबिला घेऊन पहाटेच नदीपार निघाले. जाताना धारनाकाला वेस राखायला सांगून गेले. धारनाकानं वेस लावली आणि अकरा माणसांनिशी दुपार ढळेपर्यंत राखली. तो पडला, त्याचा थोरला मुलगा पडला. कहीवाल्यांनी वेस जाळली, मिळेल ती वैरण उचलली आणि निघून गेले. मागं राहिलेली दोन लेकरं वाढवण्यासाठी सरकारनं येसीला जमीन दिली. लढाईत पडलेल्याच्या मुलांसाठी अशी जी जमीन देत तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. पुढं जमिनीच्या चार दिशांच्या हद्दी होत्या, आणि पाटलानं तिला आडकाठी करू नये अशी ताकीद.

माझं वाचून झालं तेव्हा तात्या बसलेले होते. कधी बसले ते मला कळलं नाही.

“नाव परत वाचा,” ते म्हणाले.

“येसी कोम धारनाक.”

“आनखी एकदा.”

मी पुन्हा वाचलं. त्यांनी ते नाव ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मग हद्दी पुन्हा वाचायला लावल्या. पूर्वेला ओढा, दक्षिणेला नदी, पश्चिमेला म्हसोबाचा दगड. ऐकता ऐकता त्यांची मान हलायला लागली. “म्हसोबाचा दगड अजून हाय तितं. आता आबांचा ऊस हाय त्या रानात.” पण ते चटकन विषय बदलत म्हणाले, “जमीन ऱ्हाऊ द्या. ती कवा गेली, कशी गेली, कोन सांगनार! पत्र पोचलं म्हनायचं एकदाचं. उशिरा का हुईना.”

मी पाच वर्षं दफ्तरखान्यात बसले, नंतर तीस वर्षं शिकवलं. पण कागद त्याच्या माणसाला जाऊन पोचतो हे मी एकदाच पाहिलं, त्या दुपारी. मला विलक्षण आनंद झाला होता. तात्यांनी जाताना विचारलं, “ह्ये पुस्तकात येईल ना?” मी म्हटलं, “येईल. शब्द न् शब्द.” त्यांनी कागदाची नक्कल मला करू दिली. मुलीलाही सांगतो म्हणाले. त्यांची मुलगी सुजाता तेव्हा पुण्याला नर्सिंग शिकत होती. मेण पुन्हा लावून, नळी पिशवीत घालून ते एसटी स्टँडकडे निघाले तेव्हा त्यांची चाल अजूनही टपाल वाटणाऱ्या माणसाचीच होती, जरा घाईची.

मी आबांकडे गेले ती उत्साहानंच गेले. हे आज लिहिताना स्वतःचीच कीव येते. मला वाटलं होतं, कागद सापडला म्हटल्यावर इतिहासावर प्रेम असणारा माणूस हरखून जाईल. आबा त्या वेळी उसाच्या फडाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. तोडणी चालू होती. मी त्यांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, काडीनं दात कोरत होते. मी गप्प झाल्यावर त्यांनी काडी पाहिली, टाकली आणि एकच प्रश्न विचारला.

“चतुःसीमा दिल्यात का त्यात?”

“आहेत.”

“हां.” त्यांनी उसाकडे नजर टाकली. मग ते अतिशय प्रेमळ आवाजात म्हणाले, “म्याडम, आपून भांडान कशाला लावायचं गावात? दोगांचं बी नाव घालू. पाटील वेशीत पडलं, आन् त्यांच्या पायाशी त्यो वेसकर पडला. इमानी सेवक. वस्तीतली मान्सं बी खूश हुतील. आमच्या मनात कायबी भेदभाव न्हाय.”

“पण पाटील पडले नाहीत, आबा. ते निघून गेले होते.”

“तुमी किती वरसं हंगामी हाय?”

“पाच.”

“दर म्हयन्यात वाटत आसंल, औंदा कायम हुतंय का न्हाय. तुमची फाईल हाय माझ्या म्होरं. मी प्राचार्यांला म्हनलं, बाई हुशार हाय. गावाला धरून ऱ्हानारी हाय.” आणि मग त्यांनी एका माणसाला हाक मारली, “ए, म्याडमला रसाचा ऊस काडून दे चांगला!”

मी तो ऊस घेतला. नको म्हणू शकले असते.

मला कुणी धमकावलं नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण पुढे मी स्वतःला अनेकदा तसं सांगितलं. दर एप्रिलात नोकरी जायची, दर जूनमध्ये परत मिळायची, वडील आजारी होते, लग्न झालेलं नव्हतं, सगळं खरं. पण त्या फडाच्या कडेला मला कुणी बांधून ठेवलेलं नव्हतं. मी घरी आले, टेबलाशी बसले आणि लिहिलं. चांगलं लिहिलं. याचीच मला जास्त शिसारी आहे. गावगप्पा सांगणारा लिहितो तसं बाष्कळ मी लिहिलं नाही. कहीची सगळी खरी माहिती घातली, वैरणीचं शास्त्र घातलं, तळटीपा दिल्या. माझ्या पाच वर्षांच्या अभ्यासाचा अस्सल चुना लावून मी त्यांची खोटी भिंत बांधून दिली. येसीचा कागद ‘खाजगी संग्रहातील एक पत्र’ म्हणून तळटिपेत टाकला आणि त्यातलं एक क्रियापद बदललं. ‘पाटील निघाले’ होतं, तिथं ‘पाटील पडले’ लिहिलं. सव्वाशे घोड्याचा दोन हजार केला. येसी कुठंच आली नाही. पाटील वेशीत पडले म्हटल्यावर दरबारी दाद मागायला जाणारी बाई त्या गोष्टीत बसेना.

मी युद्धातल्या विश्वासघातांवर शिकवत असे. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारे फितूर, पैसे घेऊन बाजूला होणारे किल्लेदार. मुलं विचारायची, “मॅडम, त्यांना काहीच वाटत नसेल का?” आता मी सांगू शकते. वाटतं. जेवताना वाटत नाही, झोपताना वाटत नाही. नंतर कधीतरी, चूळ भरताना वगैरे, एकदम वाटतं.

अनावरणाचा दिवस ऐन हंगामातला. घोडा सिमेंटचा होता आणि त्याला चकचकीत तपकिरी ऑइलपेंट लावलेला. पोट सुटलेलं, दात माणसासारखे. पाटलांच्या हातातली तलवार आकाशात. चौथऱ्याच्या खाली, घोड्याच्या पुढच्या खुरापाशी, एक आडवी आकृती होती, उघडी, कमरेला पंचा. तिचा एक हात वर, घोड्याकडे. ‘इमानी सेवक’ असं खाली कोरलेलं. नाव नव्हतंच. मी पुस्तिकेत तरी लिहिलं होतं. गवंड्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. मांडवात पत्र्याच्या तलवारी घेतलेली पोरं आरोळ्या ठोकत होती. कर्णा फाटक्या आवाजात कोकलत होता. वाऱ्यावर काजळी येत होती, पाहुण्यांच्या पांढऱ्या टोप्यांवर बसत होती. मला शाल, नारळ आणि ‘रणविद्या-विदुषी’ असं काहीतरी लिहिलेलं मानपत्र मिळालं. मी माइकवर गेले आणि माझ्याच पुस्तिकेतलं पान वाचलं. दोन हजार घोडा म्हटल्यावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला, जसा माझ्या कुठल्याही भाषणाला पूर्वी झाला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला. क्षणभर आवडला. मांडवाच्या मागच्या कडेला तात्या उभे होते, तो पांढरा शर्ट घालून. ते टाळ्या वाजवत नव्हते. पुस्तिका वाचत होते.

जेवणाच्या पंगती सुरू झाल्यावर मी गुपचूप निघाले. फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते तेव्हा ते आले. मला वाटलं भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं.

“म्याडम,” ते म्हणाले, “तुमी त्या दिवशी वाचलं तवा मला वाटलं, आमचं मानूस हुबं व्हतं. वेशीत हुबं व्हतं. तुमच्या पुस्तकात त्ये आडवं हाय. कुनाच्या तरी पायाशी.”

मी काहीतरी बोलायला लागले. सध्या एवढंच शक्य आहे, पुढे संधी मिळाली की सविस्तर लिहीन, असलं काहीतरी.

“येसी म्हातारीचं तर नावच न्हाय,” ते म्हणाले. “ती एवढी चालत गेली व्हती दरबारी.” मग पुस्तिका त्यांनी माझ्या हातात परत दिली. व्यवस्थित, दोन्ही हातांनी. “पत्ता चुकलाय ह्याचा,” एवढं बोलून ते वस्तीच्या वाटेला लागले.

जूनमध्ये मी कायम झाले. पुढे विभागप्रमुख झाले. माझी ती पुस्तिका माझ्या प्रबंधापेक्षा कितीतरी जास्त वाचली गेली. इतरांनी तिचे आधार दिले, त्यांच्या पुस्तकांत दोन हजारांचे पाच हजार झाले, आणि एका दिवाळी अंकात मी दहा हजार घोडा वाचला. संदर्भ माझाच. आमच्या कॉलेजच्या परीक्षेत मुलं ती लढाई लिहायची. ‘पाटील वेशीत पडले’ या वाक्यापुढे मी स्वतःच्या हातानं बरोबरची खूण करून गुण दिले आहेत. किती पेपरांत, ते सांगत नाही. कागदाची नक्कल माझ्या कपाटात होती. खरं लिहायचं हे ठरलेलंच होतं. कायम झाल्यावर लिहिणार होते, मग वडील गेल्यावर, मग आबा गेल्यावर, मग निवृत्तीनंतर. आबा गेले. मी निवृत्त झाले. कपाटाला वाळवी लागू नये म्हणून दरवर्षी औषध मात्र मारत होते.

दरम्यान मला भाषणांची बोलावणी वाढतच गेली. प्रत्येक गावाला एक लढाई हवी होती. कुठं जेवणाच्या ताटापाशी, कुठं गाडीत, तोच सौदा. “घोडा किती धरायचा?” एकदा इंदापूरच्या बाजूला एका तरण्या पुढाऱ्यानं मला विचारलं आणि मी उठून बाहेर गेले, झाडामागं जाऊन उलटी केली. लोकांनी लिंबूपाणी आणून दिलं, बाईंना ऊन लागलं म्हणाले. त्या दिवसापासून मी भाषणं बंद केली. त्यात शौर्य काही नव्हतं. पोटानंच नकार दिला, मी नव्हे.

या महिन्यात एका रविवारी फोन आला. “मी सुजाता. तात्यांची मुलगी. येऊ का भेटायला?”

ती आली. पन्नाशीची, केस बारीक कापलेले, सरकारी रुग्णालयात मेट्रन म्हणून काम करणारी. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला कळलंही नव्हतं. तिनं खिडकीकडे बघत नाक मुरडलं, “इथंही येतो का हा वास,” म्हणाली आणि चहा घेतला. साखर नको म्हणाली. मग सांगायला लागली. सुट्टीच्या दिवशी ती पुण्याला मोडीच्या वर्गाला जायची, तीन वर्षं. आधी बाराखडी, मग कागद. शेवटी ती नळी उघडली.

“तात्यांनी तुम्ही वाचलेलं सगळं पाठ करून ठेवलं होतं, मॅडम. रोज संध्याकाळी म्हणायचे. मला पण पाठ झालं. मला शंका होती, तुमच्या वाचण्यात चूक झाली असेल, त्यातून पुस्तकातलं तसं आलं असेल. म्हणून मी अक्षर न् अक्षर ताडून बघितलं.” तिनं कप खाली ठेवला. “एक अक्षर चुकलं नव्हतं तुमचं.”

तात्यांनी काही म्हटलं होतं का माझ्याबद्दल, असं मी विचारलं. ती विचार करून म्हणाली, “म्हणायचे, बाई वाचतात चांगलं.”

मग तिनं पर्समधून पुस्तक काढून दिलं. तिनं लिहिलेलं. साधी बांधणी, आत कागदाचा फोटो, त्याचं लिप्यंतर, अकरा माणसांचा शोध, रानाच्या हद्दींचा नकाशा. वेशीचं नाव, धारनाकाचं नाव, आणि पहिल्या पानापासून येसी. भाषा कोरडी, नर्सनं तक्त्यावर लिहावी तशी. मी ते तिच्यासमोरच वाचत गेले. ती घाई करत नव्हती. शेवटी संदर्भांची यादी होती. ‘विश्वसनीय साधने’ हा एक भाग आणि त्याखाली ‘अविश्वसनीय साधने’. दुसऱ्या भागात पहिली नोंद माझ्या पुस्तिकेची होती. प्रत्येक नोंदीपुढे ती अविश्वसनीय का, याचं कारण एका ओळीत दिलेलं होतं. कुणापुढे ‘ऐकीव माहिती’, कुणापुढे ‘मोडी येत नसल्याने चूक’. माझ्यापुढे लिहिलं होतं, ‘लेखिकेने मूळ कागद वाचला होता.’

मी ती ओळ दोनदा वाचली. मग पुस्तक मिटून तिला म्हटलं, “संदर्भ अचूक दिलाय तुम्ही.”